नाण्यावरची बोट कापलीत तिथेच घोळ झाला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या नाण्यांवर पानभर लेख आला होता. लेख आवडला, खोटं कशाला बोलू, नाशिककडच्या जोगलटेंभीच्या नाणेसाठ्याचा भाग तर मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवला. पण त्याच पानाच्या कोपऱ्यात चांदीच्या एका ग्रीक नाण्याचा फोटो टाकलाय, पंखवाली बाई, आणि खाली कॅप्शन आहे की सॅलॅमिसच्या लढाईत पर्शियन आरमाराला हरवल्याच्या आनंदात पाडलेलं नाणं, पिपाणी वाजवणारा देवदूत. तेवढं वाचलं आणि चहा तसाच राहिला. त्यात सॅलॅमिस चुकलंय, पर्शियन चुकलेत, देवदूत चुकलाय, आणि या सगळ्याचं मूळ म्हणजे फोटो पानात बसवायला कुणीतरी खालून क्रॉप केलाय. ती बाई ज्याच्यावर उभी आहे ती बोटच उडाली. मग राहिलं काय, पंख आणि पिपाणी.

मी अलिबागकडचा. वडील तांडेल होते, मी मात्र पाण्यात न जाता बँकेत गेलो आणि अख्खी नोकरी कॅशमध्ये काढली, त्यामुळे बोट आणि नाणं या दोन गोष्टींवर कुणी काही चुकीचं लिहिलं की मला गप्प बसवत नाही. थोडं लांबेल, कापायचं तर पत्र कापा, फोटो नको.

आधी ते सॅलॅमिस. या नावाच्या जागा दोन आहेत. एक अथेन्सच्या समोरचं बेट, तिथे इ.स.पू. ४८० मध्ये ग्रीकांनी पर्शियन आरमार बुडवलं, ती शाळेच्या पुस्तकातली लढाई. दुसरं सॅलॅमिस हे सायप्रस बेटावरचं शहर. तिथे इ.स.पू. ३०६ मध्ये लढाई झाली आणि त्यात पर्शियन कुणी नव्हतंच, दोन्ही बाजूंना अलेक्झांडरच्याच सरदारांची माणसं. एका बाजूला इजिप्त धरून बसलेला टॉलेमी, दुसऱ्या बाजूला एका डोळ्याच्या अँटिगोनसचा पोरगा डिमिट्रिअस. दोन लढायांत १७४ वर्षांचं अंतर आहे. तुम्ही छापलेलं नाणं या दुसऱ्या लढाईवरून काढलंय आणि ते 'ग्रीकांचं' वगैरे नाही, एका माणसाचं आहे. मागच्या बाजूला त्याचं नाव स्वच्छ लिहिलेलं असतं, देमेत्रिऊ बासिलेओस, म्हणजे राजा डिमिट्रिअसचं. षष्ठी विभक्ती बरं का. अमुक राजाचं हे नाणं. आपल्याकडे नहपान या जुन्या क्षत्रप राजाच्या नाण्यांवर 'राञो' येतं तेही असंच, राजाचं. पण मागची बाजू तुम्ही छापलीच नाहीत.

आता नाणं नीट बघू. हे चार द्राख्मांचं नाणं, द्राख्मा म्हणजे ग्रीकांचं चांदीचं चलन, वजन १७ ग्रॅमच्या थोडं वर. खिशातलं दहा रुपयाचं नाणं काढा, ते २७ मिलिमीटर रुंद आणि पावणेआठ ग्रॅमच्या आतबाहेर. हे ग्रीक नाणं रुंदीला साधारण तेवढंच पण वजनाला दुपटीपेक्षा जास्त, म्हणजे जाडजूड, तळहातावर ठेवलं की हात किंचित खाली जातो. मुंबईच्या एका प्रदर्शनात एका डीलरने माझ्या हातावर ठेवलं होतं, दोन मिनिटं, आणि त्याची नजर पूर्ण वेळ माझ्या बोटांवर. वर एक बाई, पंख उघडे, उजव्या हातात लांब कर्णा तोंडाला लावलेला, डाव्या हातात एक काठी, वर आडवी पट्टी असलेली. ती काठी म्हणजे ग्रीक जहाजाच्या मागच्या टोकाला उभी करायचे ती खूण. ही नायकी, विजयाची देवी, जिच्या नावाने आज बुटांची कंपनी आहे. देवदूत वगैरे पुढच्या धर्मातली मंडळी, यांचा जन्म व्हायचा होता. आणि बाईच्या पायाखाली बोटीची नाळ. आमच्याकडे बोटीच्या पुढच्या टोकाला नाळ म्हणतात, नारळी पौर्णिमेला पूजा तिथेच होते. त्या नाळेला खाली पाण्याच्या लेव्हलला एक बोथट सोंड पुढे आलेली दिसते, ते आहे हत्यार. समोरच्या बोटीच्या कुशीत घुसवायचं ब्राँझचं टोक. नाण्यावर ती सोंड साबुदाण्याच्या दाण्याएवढी आहे, पण १९८० साली इस्राएलच्या किनाऱ्याजवळ अथलितला समुद्रातून अशी एक खरी सोंड वर काढली तिचं वजन ४६५ किलो भरलं. नुसतं टोक हं हे. तेवढं वजन नाळेवर घेऊन वल्ह्यांच्या जोरावर धडक द्यायची म्हणजे आतल्या माणसांचं काय होत असेल हे ज्याने कधी लाटेत बोट आपटताना अंगावर घेतलंय त्याला विचारा.

मागच्या बाजूला पोसायडन, समुद्राचा देव, आपल्याकडे पाठ करून उभा, हातातला त्रिशूळ फेकायच्या पवित्र्यात मागे घेतलेला. अंगावर कपडा म्हणाल तर फक्त डाव्या हातावर गुंडाळलेला. पाठीचे स्नायू असे कोरलेत की साच्यात एवढं उलटं कोरणाऱ्या माणसाला मी मनातल्या मनात नमस्कार केला. आणि हे काही मशीन नाही, एक ठसा खाली ऐरणीत बसवलेला, एक वर हातात, मध्ये चांदीची चकती, वरून हातोडा. चकती जरा सरकली की डिझाइन कडेच्या बाहेर. कुठे कर्णा अर्धा, कुठे त्रिशुळाची टोकं गायब. म्हणजे तुमच्या पेज लावणाऱ्याने केलं ते त्या काळचे टाकसाळवालेही अधूनमधून करायचेच, फक्त त्यांची चकती सरकायची, तुमची नियत सरकली. गंमत केली, रागावू नका.

माझा खरा मुद्दा मात्र पुढे आहे. लेखकाने लिहिलंय की समुद्राकाठच्या ग्रीकांनी नाण्यांवर बोटी, डॉल्फिन, समुद्रदेव 'शोभेसाठी' वापरले. काही ठिकाणी डॉल्फिन गावाची ओळख म्हणून आहेत हे खरं. सिराक्यूसच्या नाण्यावर अरेथुसा या झऱ्याच्या देवीच्या तोंडाभोवती चार डॉल्फिन पोहतात, तारासच्या नाण्यावर पोरगा डॉल्फिनवर बसून निघालाय, झांक्लेच्या नाण्यावर कोयत्यासारखं वळलेलं बंदर आणि त्यात डॉल्फिन. गावाचा बिल्ला म्हणा. पण अथेन्सची गंमत बघा. जवळच्या लॉरिऑनच्या खाणीत चांदी लागली आणि थेमिस्टोक्लिस या तिथल्या पुढाऱ्याने सगळ्यांना समजावून ती वाटून न खाता तिच्यातून लढाऊ बोटी बांधून घेतल्या, म्हणून ते पहिलं सॅलॅमिस जिंकलं. चांदीतून आरमार असा इतका सरळ संबंध दुसरीकडे सापडणार नाही, आणि अथेन्सच्या नाण्यावर काय, तर अथेना देवीचं डोकं आणि घुबड. बोटीचं नामोनिशाण नाही. म्हणजे समुद्र आहे म्हणून नाण्यावर बोट येते असं नाही. बोट कुणाला दाखवावीशी वाटली आणि कधी, हे बघायला लागतं.

डिमिट्रिअसला का वाटली ते सांगतो. अलेक्झांडर गेल्यावर त्याच्या सरदारांनी मुलूख वाटून घेतला, पण कुणी स्वतःला राजा म्हणवून घेत नव्हता, कारण राजघराणं कागदावर तरी होतं. मग अलेक्झांडरचा पोरगा मारला गेला, घराणं संपलं, तरी पहिलं पाऊल कोण टाकणार असा प्रश्न होताच. तेवढ्यात सायप्रसची लढाई झाली, टॉलेमी हरला आणि मोजक्या बोटी घेऊन पळाला. प्लूटार्क या जुन्या चरित्रकाराने पुढची गोष्ट झकास सांगितलीय. बातमी घेऊन अरिस्टोडेमस नावाचा माणूस सिरियात अँटिगोनसकडे निघाला. या गड्याने मोठी बोट किनाऱ्यापासून लांब नांगरली, सगळ्यांना बोटीवरच थांबवलं, एकटा छोट्या होडीतून उतरला आणि चालायला लागला, हळूहळू, तोंड शिवल्यासारखं. लोक धावत येतायत विचारायला, हा एक शब्द बोलत नाही. म्हातारा अँटिगोनस शेवटी दारापर्यंत आला. तेव्हा यानं हात पुढे करून मोठ्याने सांगितलं, राजा अँटिगोनसचा जयजयकार, टॉलेमीला समुद्रात हरवलं. राजा हा शब्द पहिल्यांदा तिथे आला. आणि म्हाताऱ्याचं उत्तर असं की बाबा, एवढं ताटकळत ठेवलंस, बक्षीसही तुला उशिराच मिळेल. मग बापाने पोराला डायडेम पाठवला आणि पत्रात राजा म्हणून लिहिलं. डायडेम म्हणजे मुकुट नव्हे, कापडाची पट्टी, डोक्याभोवती बांधायची आणि मागे गाठ मारून टोकं मानेवर सोडायची. झालं, बाकीचेही लागले पट्ट्या बांधायला, टॉलेमी, सेल्युकस, लिसिमाकस. हरलेला टॉलेमीसुद्धा राजा झाला, म्हणजे बघा.

तेव्हा डिमिट्रिअसचं राजेपण आलं कुठून? जन्मातून नाही, जमिनीतून नाही. एका दिवसाच्या समुद्रातल्या लढाईतून. ती नाळ म्हणजे त्याच्या राजेपणाचा सातबारा आहे. तो तुम्ही कापलात.

आणि यातली खरी मेख तारखेत आहे. लेखात म्हटलंय की जिंकल्याबरोबर हे नाणं पाडलं. असं नाही. या राजाच्या नाण्यांचा मोठा अभ्यास १९२७ साली न्यूवेल यांनी केला, तेव्हापासून ही पंखवाली बाई साधारण इ.स.पू. ३०१-३०० नंतरची धरतात. मधल्या पाच वर्षांत काय झालं? आधी ऱ्होड्स बेटाला वेढा घातला, नऊ मजल्यांचा मोठा लाकडी बुरूज चाकांवर आणला, शहर काही पडलं नाही, आणि सोडून दिलेलं सामान विकून ऱ्होड्सवाल्यांनी आपल्या सूर्यदेवाचा तो जगप्रसिद्ध पुतळा उभा केला. मग इ.स.पू. ३०१ मध्ये इप्ससची लढाई, जमिनीवरची. समोरून सेल्युकसचे हत्ती आले, ते आपल्याकडचे, चंद्रगुप्त मौर्याने दिलेले. बाप तिथेच मेला, ऐंशीच्या घरातला. मुलूख गेला. डिमिट्रिअस निघाला अथेन्सकडे, तिथे त्याला देवासारखं डोक्यावर घेतलं होतं ना, तर अथेन्सवाल्यांनी वाटेतच माणसं पाठवून कळवलं की आमच्या शहरात आता कुठल्याच राजाला घ्यायचं नाही असं ठरलंय. त्याने काय मागितलं? तुमच्या बंदरात माझ्या बोटी आहेत त्या तेवढ्या द्या. त्या मिळाल्या.

म्हणजे जमीन गेली आणि बोटी उरल्या. बोटी आणि काही बंदरं, त्यात सायप्रसचं ते सॅलॅमिस, जिथे टाकसाळ होती. तिथे हे नाणं पडायला लागलं. पाच वर्षांपूर्वीचा विजय, देवीला कर्णा देऊन, आत्ताच झाल्यासारखा. आणि हे कुणाच्या हातात जाणार? शिपायांच्या आणि वल्हेकऱ्यांच्या. शंभरेक वर्षं आधी अथेन्सने सिसिलीवर मोहीम काढली तेव्हा वल्हेकऱ्याला दिवसाला एक द्राख्मा दिल्याची नोंद आहे, त्या हिशोबाने हे एक नाणं म्हणजे चार दिवसांची वल्ही. आणि साध्या तीन ओळींच्या बोटीवरसुद्धा १७० जण वल्ही मारायचे, त्यामुळे पगाराच्या दिवशी किती वाजत असेल ते एका कॅशियरला सांगायला नको. बाप हरला, मुलूख गेला, अशी कुजबुज चालू असताना ज्याच्या हातात पगार पडतो त्याला त्यावर काय दिसतं, तर आपलीच बोट आणि तिच्यावर उभी राहिलेली देवी. शोभा म्हणता याला? निवडणूक हरलेला पुढारी जुन्या सत्काराचा फोटो परत परत फ्लेक्सवर लावतो ना, तसं आहे हे, फक्त चांदीत आणि सुंदर.

नंतर इ.स.पू. २९४ मध्ये तो मॅसिडोनियाचा राजा झाला, जमीन मिळाली, आणि थोड्याच वर्षांत नाण्यावरची नाळ उतरली. आता तिथे त्याचं स्वतःचं तोंड. जिवंतपणी आपला चेहरा नाण्यावर घालणाऱ्या पहिल्या काही ग्रीक राजांत हा एक. देखणा गडी, वाऱ्यावर उडाल्यासारखे केस, केसांतून डायडेमची पट्टी, आणि नीट बघितलं तर कानाच्या वर केसांतून एक छोटंसं शिंग बाहेर आलेलं, बैलाचं. बैल पोसायडनचा प्राणी. अथेन्सला त्याच्या स्वागताला गाणं रचलं त्यात त्याला पोसायडन आणि प्रेमाची देवी अफ्रोडाइटी यांचा पोरगा म्हटलंय, म्हणजे बाप एकडोळ्या अँटिगोनस हे सगळ्यांनी सोयीने विसरायचं. मागे पोसायडन आहेच, पण आता त्रिशूळ फेकत नाही, एक पाय खडकावर ठेवून निवांत टेकून उभा, काम झाल्यासारखा. माझं वैयक्तिक मत, हे शिंगवालं नाणं कलाकुसरीला भारी असेल पण मला ते पहिलंच आवडतं, त्यात गरज दिसते.

बोट तशी घराण्यातून गेली नाही. पुढे अँटिगोनस नावाच्या त्याच घराण्यातल्या राजाच्या नाण्यावर अपोलो देव बोटीच्या नाळेवर बसलाय आणि 'राजा अँटिगोनसचं' ही अक्षरं चक्क नाळेच्या फळीवर कोरलीत, आपल्याकडे बोटीवर नाव रंगवतात तशी.

या नाण्याने मोठमोठ्यांना फसवलंय, त्यामुळे तुमच्या कॅप्शनवाल्याला फार बोलू नका. पॅरिसला लूव्र म्युझियममध्ये सामोथ्रेस या ग्रीक बेटावरची पंखवाली देवी आहे, दगडाचा पुतळा, डोकं नाही, हात नाहीत. १८६३ मध्ये ती सापडली तेव्हा जवळच्या करड्या दगडांचं काय करायचं कळेना, ते तिथेच राहिले. नंतर ऑस्ट्रियाच्या लोकांना कळलं की हे दगड जोडले की जहाजाची नाळ होते, आणि ताळा लागायला हेच नाणं उपयोगी पडलं, मग १८७९ मध्ये दगडही पॅरिसला नेले. इथवर नाणं बरोबर. पण त्याच नाण्यावरून असंही ठरवलं गेलं की देवीच्या हातात कर्णा असणार आणि पुतळा डिमिट्रिअसच्याच विजयाचा असणार. १९५० मध्ये उजव्या हाताचा पंजा सापडला तर बोटं उघडी, त्यात कर्णा बसायला जागाच नाही. आता पुतळा त्याच्यानंतर शंभरेक वर्षांचा मानतात.

मीसुद्धा फसलोय म्हणा. एकाने मला हेच नाणं 'जुन्या कलेक्शनमधलं' म्हणून दिलं, पैसे सांगत नाही, घरी ही वाचेल. आमच्या आळीतल्या सोनाराच्या काट्यावर ठेवलं तर १३ ग्रॅम. मग कडेला नख फिरवलं, गोल सगळीकडून एक बारीक शिवण हाताला लागली, दोन साच्यांची. ठोकलेल्या नाण्याला शिवण नसते, ओतलेल्याला असते. जन्मभर खोट्या नोटा ओळखल्या आणि दोन हजार वर्षांच्या बाईने टोपी घातली. आता ते टीव्हीवर ठेवलंय.

जोगलटेंभीच्या भागात एक राहून गेलं ते सांगतो. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात जो १३ हजारांच्या वर नाण्यांचा साठा मिळाला, त्यातल्या नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवर तोंडाभोवती जी वेडीवाकडी अक्षरं दिसतात ती ग्रीक आहेत, आणि राजाचं तोंड एका बाजूला हा रिवाजही तिकडूनच चालत आलेला. गौतमीपुत्र सातकर्णीने त्यातल्या बऱ्याच नाण्यांवर आपला ठसा मारला, नाणं तेच ठेवून. आपण दाम मोजतो किंवा दामदुप्पट म्हणतो तो दाम शब्दसुद्धा द्राख्मावरूनच, मध्ये द्रम्म, दम्म असं होत होत आला. आणि पोसायडनही या दिशेला आला होता बरं. अफगाणिस्तानातल्या बॅक्ट्रियाचा अँटिमेकस राजा, डोक्यावर चपटी टोपी, स्वतःला देव म्हणवणारा, त्याच्या चांदीच्या नाण्यामागे त्रिशूळ घेतलेला पोसायडन उभा आहे. चारी बाजूंनी डोंगर आणि वाळवंट, समुद्र कुठे तर नाही. कुणी म्हणतं नदीवरच्या लढाईची आठवण असेल. मला विचाराल तर तोवर समुद्रदेव हा समुद्राचा राहिलाच नव्हता, राजांचा झाला होता.

डिमिट्रिअसचं शेवटी काय झालं तेही लिहून थांबतो. मॅसिडोनिया हातचं गेलं, ५०० बोटींचं आरमार बांधायला काढलं तेही फुकट, सेल्युकसच्या हाती सापडला आणि त्याच्या कैदेत दारू आणि फाशांत इ.स.पू. २८३ मध्ये मेला. पोरगा बापाच्या अस्थी आणायला अख्खं आरमार घेऊन समुद्रात सामोरा गेला. सोन्याचा कलश सगळ्यात मोठ्या बोटीवर ठेवला, त्यावर जांभळं कापड आणि ती राजेपणाची पट्टी, किनाऱ्यावरून दिसेल असा. शेजारी बसून त्या काळचा नावाजलेला बासरीवाला वाजवत होता आणि त्या सुरावर वल्ही पडत होती. हे वाचताना मला दर वेळी वडील आठवतात, कारण काय ते सांगता येत नाही.

तर विनंती एवढीच की फोटो परत छापा, दोन्ही बाजू, खऱ्या मापात, शेजारी दहा रुपयाचं नाणं ठेवून. कॅप्शन लागलं तर मी लिहून देतो, पैसे नकोत. फक्त खालची नाळ राहू द्या, तिथून कात्री लावू नका.

आपला,
एक जुना वाचक, अलिबाग